चार्ल्स लेन यांचं नाव लावायचं राहून गेलंय: ऑस्करच्या ॲकॅडमीला खुले पत्र

प्रति,
ॲकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्स अँड सायन्सेस,
बेव्हर्ली हिल्स, कॅलिफोर्निया

विषय: कै. चार्ल्स लेन, चरित्र अभिनेते, यांचं नाव पडद्यावर लावण्याबाबत

मा. सभासद,

विषय लिहिल्याशिवाय मला पत्र पुढे नेता येत नाही. सवय. बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या आतल्या बाजूला. तुमच्यासारख्या मोठ्या संस्थेला 'आपण' म्हणायला हवं हे कळतं. पण मराठीत 'आपले चित्रपट' म्हटलं की ते तुमचे की आमचे, असा घोळ होतो आणि घोळ मला चालत नाही. म्हणून पुढे सरळ 'तुम्ही' म्हणतो. राग नसावा.

मागच्या वर्षी मंडईत एका गृहस्थांनी मला हात करून थांबवलं. "तुम्ही आमच्या गावचे ना? आमच्या आळीत राहायचात." मी त्यांच्या गावचा नव्हे. त्यांचं पेन्शनचं खातं आमच्या शाखेत होतं आणि त्यांच्या सहीचा 'म' दर महिन्याला वेगळा यायचा, म्हणून मी त्यांचा फॉर्म परत करायचो. चेहरा त्यांच्या लक्षात राहिला होता. कुठला, ते गेलं होतं. घरी येताना मला चार्ल्स लेन आठवले. त्यांनाही असंच व्हायचं. रस्त्यात अनोळखी माणसं थांबवायची आणि तुम्ही आमच्याच गावचे ना, म्हणून विचारायची. त्यांना इतक्या चित्रपटांत इतक्या थोड्या वेळापुरतं पाहिलेलं असायचं, की हा पडद्यावरचा माणूस आहे हे विसरून तो शेजारीच राहत होता असं वाटायला लागायचं.

तुमच्यापैकी किती जणांना हे नाव सांगता येईल, कोण जाणे. चेहरा मात्र तुम्हीही पाहिलेला असणार. किडकिडीत अंगकाठी, धारदार नाक, चष्मा, घट्ट मिटलेले ओठ, बहुधा डोक्यावर हॅट आणि हातात काहीतरी कागद. कर वसूल करायला आलेला. भाडं गोळा करणारा. हॉटेलच्या काउंटरवरून 'खोली नाही' सांगणारा. वकील, बातमीदार, न्यायाधीश, रेल्वेचा अधिकारी. सत्तरीच्या नायकापासून सात वर्षांच्या पोरापर्यंत कुणालाच जो यायला नको असतो, तो. अडीचशेहून जास्त चित्रपट आणि त्यावर टीव्हीची कामं वेगळी. तुमच्याकडून एकही नामांकन नाही. पण मी ऑस्करची बाहुली मागायला बसलेलो नाही. माझं काम त्याहून खूप स्वस्तातलं आहे, ते शेवटी सांगतो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ऐंशीच्या दशकात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. लोखंडी खुर्च्या, वर गरगरणारा पंखा, रीळ बदलताना मध्येच दिवे. फ्रँक काप्रांचा १९३८ चा 'यू कान्ट टेक इट विथ यू'. घरभर विक्षिप्त माणसं, तळघरात फटाके बनवणारे, आणि या सगळ्यांचे आजोबा म्हणजे लायोनेल बॅरिमोर, कुबड्यांवर. तिथे आयकर खात्याचा माणूस येतो. हे लेन.

आजोबांनी कधीच कर भरलेला नाही. का, तर त्यांचा त्यावर विश्वास नाही. खात्याचा माणूस कागद काढतो आणि व्याज नि दंडाचं सांगायला लागतो. आजोबा शांतपणे विचारतात, या पैशांचं मला मिळतं काय? दुकानातून वस्तू आणली तर ती समोर दिसते, सरकारकडून काय मिळतं? लेन म्हणतात, सगळंच. उदाहरणार्थ लष्कर, आरमार, युद्धनौका. आजोबांचा हिशेब तयारच असतो: शेवटच्या युद्धनौका स्पेनबरोबरच्या लढाईत कामी आल्या, त्यात मिळालं क्यूबा, आणि तेही आपण परत करून टाकलं. मग काँग्रेसला, सर्वोच्च न्यायालयाला, अध्यक्षांना पगार कोण देणार, असं लेन विचारतात. आजोबा म्हणतात, माझ्या पैशांतून नाही.

सभागृह हसत होतं ते आजोबांच्या उत्तरांना. मी लेनकडे बघत होतो, कारण त्या दिवशी दुपारी माझ्याच खिडकीवर असा एक आजोबा येऊन गेला होता. लेन त्या प्रवेशात एकदाही हसवायला जात नाहीत. डोळे मोठे करत नाहीत, आवाजाला हेल देत नाहीत, प्रेक्षकांकडे तर बघतच नाहीत. हा माणूस सकाळी घरातून निघालाय, यादीत आज सहा घरं आहेत, त्यातलं हे तिसरं, आणि इथेच अडकून पडलाय. त्याला भांडायचं नाही, उरकायचंय. बॅरिमोर यांचं प्रत्येक वाक्य टाळी घेतं ते समोरच्या माणसाचा एकेक पापुद्रा सुटताना दिसतो म्हणून. समोर कुणी ढिला नट असता तर ती वाक्यं सुविचार झाली असती. तालमीत आमचे नाटकवाले म्हणतात ना, वाक्य बोलणाऱ्याचं नसतं, झेलणाऱ्याचं असतं. चित्रपटाला त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, काप्रांना दिग्दर्शनाचं. झेलणाऱ्याचं खातं तुमच्याकडे तेव्हाही निरंक होतं.

आता माणसाविषयी. खरं नाव चार्ल्स गर्स्टल लेव्हिसन. जन्म २६ जानेवारी १९०५, सॅन फ्रान्सिस्को. एप्रिल १९०६ च्या भूकंपाने ते शहर जमीनदोस्त केलं आणि उरलेलं आगीत गेलं, तेव्हा हे सव्वा वर्षाचे. वडील विमा कंपनीत मोठे अधिकारी. त्या आगीनंतर भरपाईच्या दाव्यांचा जो डोंगर उभा राहिला, तो उपसण्यात त्यांचा वाटा होता. मुलानेही थोडे दिवस विमा विकला. म्हणजे ज्याने पुढे साठ वर्षं पडद्यावर हप्ते, भाडी आणि कर मागितले, त्याच्या घरात कागद, सही आणि मुदत हे शब्द पाळण्यापासूनचे. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. नट कितीही मोठा असो, लेजर उघडताना त्याचा हात खोटा पडतो. लेन यांचा पडत नाही.

१९२९ मध्ये अर्व्हिंग पिशेल या नट-दिग्दर्शकाने त्यांना नाटकात काम करून बघ म्हणून सुचवलं. ते पॅसाडीना प्लेहाउसमध्ये गेले. तिथे त्यांनी नाना तऱ्हेच्या भूमिका केल्या आणि रंगभूमीची ओढ त्यांना पुढेही सुटली नाही. १९३१ मध्ये एडवर्ड जी. रॉबिन्सन आणि जेम्स कॅग्नी यांच्या 'स्मार्ट मनी'त ते हॉटेलचे कारकून झाले. श्रेयनामावलीत नाव नाही. त्याच वर्षी लग्न झालं, रूथ कोव्हेल यांच्याशी. १९३३ च्या 'फॉर्टी सेकंड स्ट्रीट'मध्ये ज्या नाटकाची तालीम चालू असते त्याचे लेखक झाले. श्रेयनामावलीत नाव नाही. लेखकाची भूमिका करणाऱ्याचंच नाव गाळायचं, हा विनोद कुणाच्या ध्यानात आला असेल का, याचा मी अनेकदा विचार केला आहे.

यात कुणाचं वैर नव्हतं, रीतच तशी होती. स्टुडिओ वर्षाला शेकडो चित्रपट काढत होते. नावं सुरुवातीला, मिनिटभराच्या आत, मोजक्या पाट्यांवर. मोठी दहा-बारा नावं लागली की बाकीचे बाहेर. आणि चित्रपट दीड तासाचा असल्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या पात्राची ओळख करून द्यायला वेळ नसे. दार उघडलं की प्रेक्षकाला कळलं पाहिजे, हा वसुलीवाला. लेन दारात उभे राहिले की एक पानभर संवाद वाचायचे. ते वाचलेलं पान कुठल्याच हिशेबात कधी जमा झालं नाही.

त्यांचा रोज पस्तीस डॉलर होता. रात्री बारापर्यंत राबवून घ्यायचे आणि सकाळी सातला पुन्हा हजर, असं ते पुढे सांगत. नटांच्या शरीराची अगदी वाट लागायची. इथे तुमचा संबंध येतो, आणि पत्र खुलं आहे तर तेही लिहूनच टाकतो. मार्च १९३३ मध्ये मंदीचं कारण सांगून स्टुडिओंनी आठ आठवडे निम्म्या पगारावर काम करायला लावलं, त्या तडजोडीत तुमची ॲकॅडमी मध्ये होती. स्टुडिओप्रमुख लुई बी. मेयर यांच्या कल्पनेतून १९२७ साली निघालेली ही संस्था शेवटी मालकांचीच, असं नटांना वाटलं ते तेव्हापासून. त्याच उन्हाळ्यात स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड ही नटांची संघटना उभी राहिली. अगदी सुरुवातीच्या सभासदांत लेन होते. त्या दिवसांत संघटनेत नाव घालणं म्हणजे उद्याच्या रोजावर पाणी सोडण्याची तयारी. मोठ्या नटाला करार असतो. पस्तीस डॉलरवाल्याला फोन येणं बंद झालं की संपलं. आमच्या बँकेतल्या संपाचे दिवस मी पाहिले आहेत, त्यामुळे पहिल्या पानावर सही करणाऱ्याला काय लागतं ते मला ठाऊक आहे.

१९३६ च्या तुमच्या सोहळ्यावर गिल्डांनी बहिष्काराची हाक दिली, पटकथाकार डडली निकोल्स यांनी मिळालेलं ऑस्कर नाकारलं. तेव्हा तुमचे अध्यक्ष होते फ्रँक काप्रा. पुढच्या वर्षी, मार्च १९३७ मध्ये, तुम्ही सहायक अभिनेता-अभिनेत्रीचा पुरस्कार सुरू केलात. पहिला मिळाला वॉल्टर ब्रेनन यांना. तोही बाहुली नव्हे, फलक. सहायक नटांच्या हातात पूर्ण बाहुली यायला १९४४ साल उजाडलं. तरी पुरस्कार आला हे चांगलंच झालं. फक्त त्याचं 'सहायक' हे माप चार-सहा प्रवेशांपासून सुरू होतं. दोन मिनिटांच्या माणसासाठी त्यात खणच नाही. अलीकडे तुम्ही नटांची निवड करणाऱ्यांनाही पुरस्कार द्यायचं ठरवलंत हे वाचून आनंद झाला. निवडणाऱ्याचं नाव लागणार. निवडलेल्याचं?

काप्रांचं आणि लेन यांचं मात्र छान जमलं. 'मिस्टर डीड्स'मध्ये लेन आहेत, 'मिस्टर स्मिथ'मध्ये बातमीदार आहेत, 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'मध्ये विवाहनोंदणी कचेरीत टपून बसलेले बातमीदार आहेत. काप्रांनी त्यांना एका पत्रात लिहिलं होतं की तू माझी पहिल्या क्रमांकाची कुबडी आहेस. ते पत्र लेन यांनी जपून ठेवलं होतं. कुबडी हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे तो आयकरवाला प्रवेश येतो: आजोबा खऱ्याखुऱ्या कुबड्यांवर आणि समोर काप्रांची ही दुसरी कुबडी.

आणि मग आठ वर्षांनी काप्रा याच दोघांना पुन्हा समोरासमोर आणतात. 'इट्स अ वंडरफुल लाइफ', १९४६. आता बॅरिमोर चाकाच्या खुर्चीत, गावचा सावकार पॉटर. लेन त्यांच्या पगारावर, भाडं वसूल करणारे. ते टेबलावर नकाशा पसरतात आणि मालकाला सांगतात की बेली पार्कची, म्हणजे नायक जॉर्ज बेलीने वसवलेल्या वस्तीची, आता चेष्टा करून भागणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी तिथे पाचसहा घरं होती, मी स्वतः तिथे सशांची शिकार केलीय. आज बघा, एकाहून एक देखणी घरं, आणि त्यातली बहुतेक अशा लोकांची जी काल तुम्हाला भाडं देत होती. पॉटर गुरकावतो. लेन नकाशा उचलतात नि जाता जाता म्हणतात, माझं काही जात नाही, पण एक दिवस हा हुशार तरुण त्या जॉर्ज बेलीकडे नोकरी मागायला जाणार आहे.

दीड-दोन मिनिटांचं काम. अख्ख्या चित्रपटात जॉर्ज बेलीच्या आयुष्याचं मोल देवदूत सांगतो, आई सांगते, गाव सांगतं. पण आकड्यांत सांगतो तो हा एकटा, आणि तोही शत्रूच्या पगारावरचा. त्याला जॉर्जविषयी माया नाही. त्याला फक्त वजाबाकी येते. कटू निरोप सांगताना त्याचा सूर जरासुद्धा हलत नाही आणि त्यामुळेच तो खरा वाटतो. मी नोकरीत असताना आमच्या शाखेत असा एक वसुली अधिकारी होता. मॅनेजरला त्याची भीती वाटायची, कारण तो खोटं बोलायचा कंटाळा करायचा.

या चित्रपटाचा हक्क नूतनीकरणाअभावी १९७४ मध्ये सुटला, मग अमेरिकेतली टीव्ही केंद्रं तो नाताळात फुकट दाखवत सुटली आणि चित्रपट घराघरांत गेला. कागद वेळेवर न भरल्याने एका चित्रपटाचं भलं झालं. लेन यांच्या पात्राला हे अजिबात आवडलं नसतं.

साच्याचा त्रास त्यांना झाला. एकदा एखादं काम बरं वठलं की त्या कामासाठीच बोलावणं येतं, आणि दुसरं काही येत असेल असं कुणाला वाटत नाही, ही त्यांची तक्रार होती. ती खरी आहे. प्रत्यक्षात मृदू बोलणाऱ्या, हसऱ्या माणसाला जन्मभर कपाळाला आठी घालून उभं करायचं, यात एक नासाडी आहे. पण माझं मत सांगायचं तर त्या साच्यातही त्यांनी एकछापी माल काढला नाही. आयकरवाला चिडतो कारण त्याला समोरचा तर्क कळत नाही; पॉटरचा माणूस चिडत नाही कारण त्याला सगळंच कळतं. नीट पाहिलं तर खिडकीमागे वेगळा माणूस बसलाय हे दिसतं. नीट पाहायला नाव लागतं, एवढंच. नाव कळल्याशिवाय मीसुद्धा त्यांना 'तो हॅटवाला' म्हणत होतो.

युद्धात ते तटरक्षक दलात होते. परतले आणि पुन्हा तेच काम. मग टीव्ही आला. अभिनेत्री ल्युसिल बॉल यांची ओळख जुनी, त्या आरकेओ स्टुडिओत धडपडत होत्या तेव्हाची. त्यांनी यांना विसरू दिलं नाही. १९ जानेवारी १९५३ ला 'आय लव्ह ल्युसी' या त्यांच्या मालिकेतल्या ल्युसीला बाळ झालं, तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. दुसऱ्याच दिवशी आयझेनहॉवर यांचा शपथविधी झाला, त्याला त्याहून कमी प्रेक्षक होते. प्रसूतिगृहाच्या प्रतीक्षाखोलीत ल्युसीचा नवरा रिकी घाबरून फेऱ्या घालत असतो आणि शेजारी बसलेला एक गृहस्थ मुरलेल्या बापाच्या थंडपणाने त्याच्याशी बोलतो. घरी मुलीच मुली, आणि पुन्हा मुलीच. तो चेहरा लेन यांचा. अमेरिकेच्या अध्यक्षांपेक्षा जास्त लोकांनी त्या रात्री त्यांना पाहिलं. नाव विचारलं असतं तर किती जणांनी सांगितलं असतं? ल्युसीच्याच पुढच्या मालिकेत, १९६२-६३ मध्ये, ते बँकवाले बार्न्सडाल झाले, आणि नट गेल गॉर्डन दुसऱ्या कामातून मोकळे झाल्यावर ती खुर्ची गॉर्डन यांच्याकडे गेली. मग 'पेटीकोट जंक्शन'मधला होमर बेडलो: एक जुनी, डुगडुगती आगगाडी बंद करण्याच्या इर्षेने पेटलेला रेल्वेचा अधिकारी. गाडी वर्षानुवर्षं चालू राहिली, बेडलो वर्षानुवर्षं येत राहिला. १९९५ मध्ये, नव्वदीत, ते एका टीव्हीपटात उभे राहिले. सत्तर वर्षांहून जास्त सिगारेट ओढलेला माणूस! डॉक्टरांनी हे उदाहरण रुग्णांपासून लपवून ठेवावं.

२००२ मध्ये रूथ गेल्या. एकाहत्तर वर्षांचा संसार. हॉलिवूडच्या मानाने हा आकडा मी दोनदा तपासून घेतला.

२००५ च्या मार्चमध्ये, शंभरी पार केल्यावर, टीव्ही लँड या वाहिनीच्या पुरस्कार समारंभात त्यांचा सत्कार झाला. ते चाकाच्या खुर्चीत होते आणि सभागृह उभं राहिलं. त्यांनी भाषण केलं नाही. कुणाला हवं असेल तर मी अजून कामासाठी मोकळा आहे, एवढं सांगितलं. मला त्यातलं टायमिंग विलक्षण वाटतं. लोक हसले, टाळ्या झाल्या. पण बोलणारा माणूस १९३३ चा होता, फोनची वाट बघणारा. तो विनोद होता यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. ९ जुलै २००७ ला, एकशे दोन वर्षांचे असताना, ते लॉस एंजेलिसमध्ये घरीच वारले.

आता काम. आमच्याकडे मराठी नाटकाला पडदा उघडायच्या आधी माइकवरून नावं सांगतात. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, मग सगळे कलाकार, अगदी एका प्रवेशात पाण्याचा ग्लास आणून देणारासुद्धा. लोक तेव्हा वेफर्सच्या पिशव्या फोडत असतात, मोबाइल बंद करत असतात, बायकोला 'जरा सरक' म्हणत असतात. कुणी ऐकत नाही. तरी सांगतात. ज्याचं नाव घेतलं जातं तो आत विंगेत उभा राहून ऐकत असतो, हे पुरेसं कारण आहे.

तुम्ही जुने चित्रपट जपता, दुरुस्त करता. तुमचा फिल्म संग्रह आहे, २०२१ पासून लॉस एंजेलिसमध्ये तुमचं भलंथोरलं संग्रहालय आहे, तिथे खेळ होतात. माझी विनंती अशी की, असा जुना चित्रपट दाखवताना, तो संपल्यावर, शेवटच्या पाटीनंतर, आणखी एक पाटी लावा. ज्यांनी या चित्रपटात तोंडाने निदान एक वाक्य उच्चारलं आणि ज्यांचं नाव सुरुवातीला नव्हतं, त्यांची नावं आणि समोर भूमिका. 'हॉटेलचा कारकून: चार्ल्स लेन'. बस.

मूळ कलाकृतीला हात लावू नये, असं तुमच्यातले जाणकार म्हणतील. बरोबर आहे, मी बँकेतला माणूस, मूळ नोंद खोडायची नाही हे मला शिकवू नका. चूक सापडली की खाली नवी नोंद करतात, तारीख घालून, सही करून. तीच मी मागतोय. नावं कळणार कशी, असं म्हणाल, तर पगार सगळ्यांना मिळाला होता आणि जिथे पगार गेला तिथे कागद उरतो. तुमच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात निर्मितीच्या फायली आहेत, अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या सूचीत कष्टाने जमवलेली माहिती आहे. ज्यांचं सापडणार नाही त्यांची ओळ रिकामी ठेवा: 'टॅक्सीवाला', पुढे कोरी जागा. कोरी जागा दिसली की कुणाचा तरी नातू कळवेल.

नाव मागाहून लावणं तुम्हाला नवं नाही. पटकथाकार डाल्टन ट्रम्बो यांना कम्युनिस्ट म्हणून काळ्या यादीत टाकलं होतं, त्यांनी 'रॉबर्ट रिच' या खोट्या नावाने लिहिलेल्या 'द ब्रेव्ह वन'ला ऑस्कर मिळालं, आणि ती बाहुली १९७५ मध्ये तुम्ही त्यांच्या हातात दिलीत. 'रोमन हॉलिडे'ची १९९३ मध्ये त्यांच्या पत्नीला दिलीत, ते वारल्यानंतर सतरा वर्षांनी. त्यांची नावं छळापोटी गेली होती, लेन यांच्यासारख्यांची नुसती जागा नाही म्हणून गेली. दोन्ही एक मापाची नाहीत हे मान्य. पण उशीर झालाय म्हणून नोंद करत नाही, असं म्हणायची सोय तुम्ही स्वतःच ठेवलेली नाही.

सुरुवात लेन यांच्यापासून करावी, कारण त्यांचे चित्रपट भरपूर आहेत आणि त्यामुळे तुमच्या माणसांचा हात बसेल. मग फ्रँकलिन पँगबॉर्न घ्यावेत, ते ताठ मानेचे, सतत अपमान झालेले हॉटेल मॅनेजर. आणि मग बाकीचे, फाइल निघेल तसे.

एक खबरदारी. चार्ल्स लेन नावाने शोधाल तर तिघे सापडतील. एक मूकपटांच्या काळातले नट, जन्म १८६९ चा. एक दिग्दर्शक, ज्यांनी १९८९ मध्ये 'साइडवॉक स्टोरीज' काढला. आपले ते मधले, १९०५ चे. खाती एकमेकांत मिसळू नयेत. शिवाय सुरुवातीच्या काही चित्रपटांत ते लेव्हिसन या मूळ आडनावाने आहेत. १९३४ च्या 'ट्वेंटिएथ सेंच्युरी'मध्ये तसंच आहे. तिथे बदलू नका, तेव्हा त्यांनी तेच दिलं होतं. नव्या पाट्यांवर मात्र 'लेन' लिहा. नमुना सही जुळली पाहिजे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
(आता 'आपला' म्हटलं तर घोळ नाही.)